वटवाघळांचे घर आणि आपले घर

सुरत शहराच्या पूर्वेस, बारडोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्वत पाटिया आहे. 'पाटिया' म्हणजे गावाच्या फाट्यावरची पाटी. आता पाटी राहिली. गाव मात्र कापडाच्या मार्केटांत आणि सोसायट्यांत शोधावे लागते. २००१ साली सुरतेची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. २०११ साली ती ४४ लाखांवर गेली. त्यात हद्दवाढीचा भाग आहे, तसाच पोटासाठी आलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांचाही आहे. माणसाला घर हवेच. परंतु आपले घर बांधताना कोणाचे घर मोडते, हेही आपण समजून घ्यावे.

वटवाघळे मुख्यतः दोन प्रकारची. मोठी वटवाघळे फळे व फुलांतील मध खातात आणि वड, चिंच, पिंपळ अशा जुन्या झाडांवर थव्याने लटकतात. वडाशी त्यांचे नाते त्यांच्या नावातच आहे; गुजरातीतही त्यांना वडवागोळ म्हणतात. दुसरी लहान, ती कौलांखाली, भिंतींच्या फटींत राहतात. त्यांपैकी काहींचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम असते, पण एका रात्रीत आपल्या वजनाच्या पाव ते निम्म्याइतके किडे ती फस्त करतात.

नवी वस्ती होते तेव्हा त्यांच्या तीन गोष्टी जातात. पहिली निवारा: जुना वड पडतो, कौलारू घराच्या जागी स्लॅब येतो. दुसरी अन्न: शेते, फळझाडे व पाणथळ जागा बुजतात. तिसरी काळोख: रात्रभर जळणाऱ्या दिव्यांना अनेक जाती टाळतात. विजेच्या तारांना चिकटूनही मोठी वटवाघळे मरतात. ती वर्षाला एकच पिल्लू देतात. म्हणून एकदा मोडलेला थवा लवकर भरून निघत नाही.

यात आपले काय जाते? अमेरिकेत २००६ पासून बुरशीच्या एका रोगाने लाखो वटवाघळे मेली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्या जिल्ह्यांत ती मेली तेथे शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढविला आणि तेथील बालमृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढले. म्हणजे फुकट राखण करणारा गेला, त्याच्या जागी विष आले आणि त्याची किंमत तान्ह्या बाळांनी दिली. सुरतेच्या बाजारात येणारी भाजी आपणच आपल्या मुलांना खाऊ घालतो, हे विसरू नये.

रोगाची भीती खोटी नाही. मलेशियात १९९८-९९ साली फळबागांना लागून डुकरांचे गोठे होते. वटवाघळांची उष्टी फळे गोठ्यांत पडली. निपाहचा रोग डुकरांना आणि त्यांच्याकडून माणसांना झाला. २०१८ साली केरळातही निपाहने बळी घेतले. पण यावरून वटवाघळे मारावीत असे ठरत नाही. झाड तोडले की थवा नाहीसा होत नाही, दुसऱ्या वस्तीजवळ जातो. अंतर राखणे हाच खरा उपाय.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. उष्टे किंवा चोच-दात लागलेले फळ खाऊ नये, गुराढोरांनाही घालू नये. फळे धुऊन, सोलून खावीत.

२. नीरा-ताडीचे मडके झाकलेले असावे.

३. पडलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये. चावल्यास किंवा ओरखडल्यास जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीविषयी विचारावे.

४. विष्ठा झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे, नाक-तोंड बांधावे.

५. फटी बुजवायच्या तर आत पिल्ले नाहीत हे पाहून, वटवाघळे बाहेर गेल्यावर बुजवाव्यात.

६. सोसायटीच्या सभेत जुने झाड राखण्याचा ठराव मांडावा. दिवे जमिनीकडे वळवावेत. थव्याखाली फटाके किंवा धूर करू नये.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने फळे खाणाऱ्या वटवाघळांना उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवी ठरविले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द झाली. कायदा बदलला, आता आपले मन बदलावयाचे आहे.

मोशेच्या नियमशास्त्रात वटवाघूळ खाण्यास मना आहे, पण त्याचा द्वेष करण्यास सांगितलेले नाही. तेही परमेश्वराचीच निर्मिती. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला सर्वांचे सामाईक घर म्हटले. त्या घरातील एक वड पर्वत पाटियाच्या वाट्याला आला, तर तो राखणे आपल्या हाती आहे.