होडीसाठी मरीन प्लाय: बंगळुरूत काय पाहून घ्यावा, किती खर्च येतो

बंगळुरूच्या कुठल्याही प्लायच्या दुकानात मरीन मागितला की समोरून पहिला प्रश्न येतो, "किचनसाठी का?" दुकानदाराचं चुकत नाही. या शहरात मरीन म्हणून विकला जाणारा बहुतेक माल सिंकखालच्या कपाटात नाहीतर बाथरूमच्या आसपास जातो. त्याचा सल्ला, भाव आणि वॉरंटी त्याच गिऱ्हाइकाला धरून असतात. हलसूर तळ्यावर लष्कराच्या मद्रास सॅपर्सच्या शिडाच्या होड्या दिसतात, कोणी जलाशयावर वल्ह्याची होडी ठेवतं, कोणी कारवार-मालवणकडची होडी इथे आणून दुरुस्त करतं. पण असं गिऱ्हाईक दुकानात क्वचितच येतं. त्यामुळे आपल्याला काय हवं ते आपणच नेमकं सांगायला हवं.

सांगायची पहिली गोष्ट म्हणजे मानक. भारतात मरीन प्लायचं मानक आहे आयएस 710. घरगुती फर्निचरच्या प्लायचं मानक आयएस 303, आणि त्यात एमआर (ओल सोसणारा) व बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) असे दोन दर्जे येतात. मुख्य फरक चिकटवणीचा आहे. बीडब्ल्यूआरचा तुकडा 8 तास उकळत्या पाण्यात टिकला तरी पास होतो, तर 710 च्या तुकड्याला 72 तास काढावे लागतात. त्यासाठी फिनॉल फॉर्मल्डिहाइडची चिकटवणी लागते, शिवाय लाकडाला कीड-बुरशीविरुद्ध रसायनाची प्रक्रिया झालेली असावी लागते. "हा वॉटरप्रूफ आहे, मरीनसारखाच" असं ऐकलंत तर तो बहुधा बीडब्ल्यूआर असतो. कपाटाला तो पुरेसा आहे, होडीच्या तळाला नाही.

शीटवरचा छापा वाचायला शिका. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो क्रमांक दुकानात उभ्या उभ्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपमध्ये टाकून पाहा. कारखान्याचं नाव, परवाना कोणत्या मानकाचा आहे आणि तो चालू आहे की नाही, हे लगेच कळतं. नाव जुळलं नाही किंवा परवाना 303 चा निघाला तर पुढची बोलणी करू नका. प्लायला आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा केंद्राचा गुणवत्ता नियंत्रण आदेश 2025 मध्ये अमलात आला. तेव्हा "छापा नाही, पण माल तोच" हे उत्तर ऐकून घ्यायचं कारण उरलेलं नाही.

मात्र छापा खरा निघाला म्हणजे काम संपलं नाही, आणि होडीवाले नेमके इथे फसतात. आयएस 710 मध्ये आतल्या थरांतल्या फटींना मर्यादा घातलेली आहे, पण त्यांना पूर्ण बंदी नाही. स्वयंपाकघरात अशी फट कोणाला कळतही नाही. होडीत तिच्यात पाणी शिरतं, साचतं, आणि वरून रंग चकचकीत असताना आतून तळ कुजतो. म्हणून शीट गठ्ठ्यातून बाहेर काढायला लावा आणि चारही कडा उजेडात पाहा. कडेला काळी पोकळ रेघ दिसते का? एखादा थर दुसऱ्यावर चढलेला आहे का? कडेवर लाल रंग फासला असेल तर कोपऱ्यावर पॉलिश पेपर घासून खालचं लाकूड पाहा. मग शीट आडवी ठेवून बोटाच्या पेराने वीतभर अंतरावर ठोकत जा. आवाज मध्येच पोकळ झाला तर ती शीट बाजूला ठेवायला सांगा. दोन थरांमधली रेघ गडद तपकिरी असणं हे फिनॉलचं लक्षण आहे, पण चिकटवणीत रंग मिसळूनही ती रेघ आणता येते. रंगावर निकाल देऊ नका.

निकाल उकळत्या पाण्यातच लागतो. दुकानदाराकडून त्याच मालाचा दोन इंची तुकडा मागून घ्या. घरी जुन्या पातेल्यात तो दोन-तीन दिवसांत मिळून निदान 8-10 तास उकळा. स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, कारण लाकडात रसायन असतं. मग तुकडा वाळवून थरांच्या मध्ये पटाशी घाला आणि उचका. लाकडाचे तंतू फाटून निघाले तर चिकटवणी मजबूत आहे. थर स्वच्छ, गुळगुळीत सुटला तर ती शीट होडीत जाता कामा नये. ही काही 72 तासांची परीक्षा नव्हे, आणि चांगला बीडब्ल्यूआर तिच्यातून निसटू शकतो, पण कच्च्या चिकटवणीचा माल तिच्यात उघडा पडतो. माल जास्त घ्यायचा असेल तर प्रयोगशाळेची वाट धरा. 1962 पासून प्लायवर काम करणारी इप्रिटी ही संस्था याच शहरात तुमकूर रोडवर उभी राहिली. ती आता मल्लेश्वरमच्या लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत विलीन झाली आहे, तेव्हा तपासणीची चौकशी तिथे करा.

लाकडाची जातही विचारा. जुना भरवशाचा माल गर्जनचा. म्यानमारने 2014 मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केल्यापासून तो महागला, आणि आता बऱ्याच शीटांत फक्त वरचा पापुद्रा गर्जनचा असून आत निलगिरी किंवा दुसरं लाकूड असतं. 'ओकुमे' हे नावही ऐकायला मिळेल. परदेशी होड्यांच्या पुस्तकांत बीएस 1088 या ब्रिटिश मानकाचा जो हलका ओकुमे प्लाय सांगितलेला असतो, तो सगळ्या थरांत ओकुमेचा असतो. इथे त्या नावाखाली बहुधा केवळ वरचा थर मिळतो. वजनाचा फरक मोठा पडतो. आठ बाय चारची 6 मिमी शीट भारी लाकडाची असेल तर साधारण 12 ते 14 किलो भरते, अस्सल ओकुमेची 9 किलोच्या आत. एंटरप्राइज किंवा मिररसारख्या प्लायच्या छोट्या शर्यतीच्या होडीला हा फरक जाणवतो. वल्ह्याच्या होडीला भारी शीट चालते.

आता भाव. बंगळुरूत मैसूर रोडचा टिंबर यार्ड लेआउट आणि सिद्दय्या रोड या दोन ठिकाणी फिरलात की बाजाराचा अंदाज येतो. टिंबर यार्डातल्या अनेक वखारी कच्छी पटेलांच्या आहेत, त्यामुळे हिंदीत काम भागतं. भाव चौरस फुटावर सांगतात आणि शीट 32 चौरस फुटांची. परवान्याच्या, नाव असलेल्या 710 मालासाठी ढोबळमानाने 6 मिमीला 55 ते 75 रुपये, 9 मिमीला 70 ते 95, 12 मिमीला 85 ते 120 धरून चाला. वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 65 च्या भावाने 6 मिमीची एक शीट 2,080 रुपयांची, करासकट साधारण 2,455. सांगितलेला भाव कर धरून आहे की सोडून, हे आधी विचारा. 30-35 रुपयांत 6 मिमी मरीन देऊ करणाऱ्याकडे तुमचं काम नाही. फर्निचरवाल्यांना 6, 12 आणि 18-19 मिमी लागतो, म्हणून 4 आणि 9 मिमी पुष्कळदा मागवावा लागतो. त्यासाठी आठवडाभर हाताशी ठेवा. 6 मिमी शीट तीन थरांचीही येते आणि पाच थरांचीही. होडीसाठी पाच थरांची घ्या आणि जाडी कॅलिपरने मोजा.

प्लाय हा खर्चाचा लहान भाग आहे. दहा-अकरा फुटी होडीचा कुजलेला तळ बदलायचा झाला तर एका शीटबरोबर हार्डनर धरून दोन किलो इपॉक्सी लागतं, त्याचे 1,800 ते 2,400 रुपये. काचेचं कापड चार चौरस मीटर, 600 ते 1,000. 316 दर्जाचे स्टेनलेस स्क्रू, 400-600. प्रायमर आणि दोन भागांचा पीयू रंग, 1,500 ते 2,500. टेम्पो 500-700. सुताराचे दोन दिवस धरले तर आणखी अडीच-तीन हजार. शीट धरून एकूण साधारण साडेनऊ ते तेरा हजार. यात शीटवर पाचशे रुपये वाचवण्यात काय अर्थ आहे? ती शीट सुटली तर इपॉक्सी, कापड, मजुरी, सगळंच तिच्याबरोबर जातं. काटकसर करायचीच असेल तर ती रंगाच्या छटेत करा. कडा बंद करण्याच्या इपॉक्सीत मुळीच करू नका. पाणी आत शिरतं ते कडेतून आणि स्क्रूच्या भोकांतून. म्हणून प्रत्येक कापलेल्या कडेला पातळ इपॉक्सीचे तीन हात द्या, आणि भोकंही आधी इपॉक्सीने भरून मग स्क्रू बसवा.

दुकानात फुकट कापून देतो म्हणाले तरी तळाचा तुकडा तिथे कापून घेऊ नका. जुना तळ काढून त्यावरून साचा घ्या आणि मगच करवत लावा. लांबी कमी पडली तर तिरका सांधा जाडीच्या आठपट लांब ठेवा, 6 मिमीला 48 मिमी. कापताना मास्क लावा आणि उरलेले तुकडे बंबात किंवा शेकोटीत जाळू नका, कारण प्रक्रियेच्या रसायनात तांबं, क्रोमियम, कधी आर्सेनिकही असतं. काम डिसेंबर ते मार्चमध्ये काढा. पावसाळ्यात प्लाय ओल धरतो. डिसेंबरच्या रात्री मात्र पारा 15 अंशांपर्यंत उतरतो आणि इपॉक्सी आळायला वेळ लागतो, तेव्हा चिकटवायचं काम सकाळी दहाच्या आत उरकण्याची घाई नको.

होडी कुठे चालणार, यावरही निवड ठरते. समुद्रात लाकूड पोखरणारे किडे असतात, तिथे रसायनाची प्रक्रिया अत्यावश्यक. बंगळुरूच्या गोड्या पाण्यात ते नाहीत, पण तळात साचलेलं पावसाचं पाणी बुरशीला आमंत्रण देतं. इथली होडी वापराइतकीच उभी राहून कुजते. तिला ताडपत्री घाला आणि तळाची बुचं उघडी ठेवा.

वॉरंटीचं कार्ड पूर्ण वाचा. बऱ्याच वॉरंट्या घरातल्या फर्निचरसाठी असतात. सतत पाण्यात राहणारा वापर त्यात बसतो का, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. बिलावर ब्रँड, जाडी, 'आयएस 710' आणि परवाना क्रमांक हे चारही लिहिलेले हवेत. नुसतं 'मरीन प्लाय 1 नग' असं बिल असेल तर पुढे तक्रार उभी राहत नाही. बिल नीट असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर किंवा बीआयएस केअरवरच तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही लागत नाही. शीट टेम्पोत चढण्याआधी हे बिल हातात घ्या, आणि छाप्याचा फोटो त्याच वेळी काढून ठेवा.