रक्ताची अमानत

रबीउलअव्वल महिन्यात नांदेड व लातूरच्या मोहल्ल्यांतून रक्तदान शिबिरे भरतात. त्या वेळी रक्तदात्याची पिशवी भरतेच, शिवाय तपासणीसाठी काही लहान नळ्यांतही रक्त घेतले जाते. पिशवी रुग्णाकडे जाते, हे सर्वांस ठाऊक आहे. नळ्यांविषयी मात्र क्वचितच कोणी विचारतो. त्यांतील रक्तावर कावीळ, एचआयव्ही, मलेरिया इत्यादींची तपासणी होते. असे नमुने दात्याच्या माहितीसह संशोधनासाठी जतन करणाऱ्या संस्थेस जैवपेढी म्हणतात.

हे जतन कशासाठी? 1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांना असा रक्तगट आढळला की जो साध्या तपासणीत ‘ओ’ दिसतो, परंतु ‘ओ’ रक्त दिल्यास रुग्णाच्या जिवावर बेतते. जगभर तो ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून ओळखला जातो. आईवडील दोघांकडून तो गुणधर्म आला तरच अपत्यात प्रकट होतो. म्हणून नात्यातील विवाह रूढ असलेल्या कुटुंबांनी याची नोंद घ्यावी. अशा रुग्णाच्या सख्ख्या भावंडांचे रक्त सर्वप्रथम तपासले जाते. परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था, जिचा प्रारंभ 1957 साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून झाला, दुर्मीळ रक्तगटांवर आजही काम करते. दात्यांचे नमुने नसते तर हे ज्ञान आले असते कुठून?

पवित्र कुरआनच्या सूरह माइदामध्ये (आयत 32) एका जिवाचे रक्षण समस्त मानवजातीच्या रक्षणासमान मानले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रक्ताचे मोल घेण्यास मनाई केल्याची हदीस सहीह बुखारीत आहे. भारतातही 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आहे.

परंतु रुग्णासाठी दिलेली परवानगी संशोधनासाठीही आपोआप लागू होते काय? आमच्या मते नाही. अमानत ज्या हेतूने सोपविली, त्याच हेतूसाठी वापरावयाची असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वेही जतन केलेल्या नमुन्यांसाठी दात्याची समजून दिलेली संमती, नैतिक समितीची परवानगी व ओळखीची गुप्तता आवश्यक मानतात. संमती परत घेण्याचा अधिकारही देतात.

तेव्हा शिबिराच्या मेजावर बसणाऱ्या तरुणांनी अर्ज नुसता सहीसाठी पुढे सरकवू नये. नमुना कोठे राहील, नाव कोणास कळेल, एखादा आजार आढळल्यास आपणास सांगितले जाईल काय, हे दात्यास मराठीत वा उर्दूत वाचून दाखवावे. संशोधनास नकार देणाऱ्याचे रक्तही रुग्णासाठी तितक्याच आदराने स्वीकारावे.