रिपोर्टांची पिशवी आणि एआय : ताबा कुणाचा?

एआय काय काय करू शकते यावर लेख लिहायचा म्हटलं तर आपल्या डिपार्टमेंटमध्ये लेखकांची वानवा नाही. प्रत्येक मिनी प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत तेच तर असते! मी मात्र जरा घरगुती विषय घेतला आहे. आपल्या घरोघरी कपाटात एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात बाबांच्या शुगरचे रिपोर्ट, आईची सोनोग्राफी, शाई उडून पांढरा पडलेला आजीचा ईसीजी आणि तीन-चार डॉक्टरांच्या न वाचता येणाऱ्या चिठ्ठ्या असतात. ही पिशवी आता मोबाइलमध्ये येऊ लागली आहे, आणि मोबाइलमधून एआयच्या हातात. फोटो काढायचा, चॅटबॉटला द्यायचा आणि विचारायचं, "यात काय लिहिलंय?" उत्तर मराठीत मिळतं, सविस्तर मिळतं, आणि बाहेर पंचवीस पेशंट बसलेत म्हणून ते घाईतही नसतं. इतकी चांगली सोय असल्यावर माणसे ती वापरणारच. प्रश्न एवढाच की फोटो पाठवल्यानंतर त्या कागदाचे पुढे काय होते?

यात दोन शब्द आपण सरसकट एकाच अर्थाने वापरतो : गोपनीयता आणि ताबा. गोपनीयता म्हणजे माझी गोष्ट नको त्याला न कळणे. ताबा म्हणजे ती कुणाला, किती, कशासाठी आणि किती दिवस कळावी हे मी ठरवणे, आणि उद्या माझे मत बदलले तर दिलेले परत घेता येणे. डॉक्टरांना आपण सगळे सांगतो, तिथे गोपनीयता अशी काही उरत नाही, तरी ताबा बराचसा आपल्याकडे असतो. एआयच्या बाबतीत लोक पहिल्या गोष्टीची थोडीफार काळजी घेतात. दुसरी मात्र लक्षातच येत नाही.

पहिली काळजी म्हणजे काय? तर फोटोवरचे नाव खोडणे. बोटाने काळी रेघ मारली की आपण निश्चिंत! या समजुतीला मोठा धक्का बसला तो १९९७ साली, अमेरिकेत. मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी संशोधकांना दिल्या होत्या. नाव, पत्ता वगैरे काढून टाकले होते. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी लोकांना खात्रीही दिली होती की यातून कुणीही ओळखू येणार नाही. तेव्हा लतान्या स्वीनी ही एमआयटीची विद्यार्थिनी होती. तिने केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. दवाखान्याच्या यादीत जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा कोड शिल्लक होता, आणि मतदारयादीतही या तिन्ही गोष्टी होत्या. वेल्ड यांच्या जन्मतारखेची माणसे केंब्रिजमध्ये सहा, त्यांत पुरुष तीन, आणि त्यांच्या कोडमध्ये राहणारे फक्त एक, ते स्वतः! डीबीएमएसच्या प्रॅक्टिकलला आपण जी जॉइन क्वेरी लिहितो, तिच्यापेक्षा यात फारसे वेगळे काही नाही. पुढे २००० साली स्वीनी यांनी मांडले की या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसे एकमेव ठरतात. २००६ साली फिलिप गॉल यांनी नव्या जनगणनेवरून तोच हिशेब करून ६३ टक्के हा आकडा काढला. कमी धरला तरी निम्म्याहून जास्तच.

आपल्याकडे काय होईल याचा एक ढोबळ हिशेब मी करून पाहिला. एम-थ्रीला पॉयसाँ वितरण कशासाठी होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. समजा एका पिनकोडमध्ये ४०,००० माणसे राहतात. वय ८० वर्षांपर्यंत धरले तर ८० गुणिले ३६५, म्हणजे २९,२०० जन्मतारखा. स्त्री-पुरुष धरून ५८,४०० खण झाले. या खणांत ४०,००० माणसे टाकली तर खणामागे सरासरी ०.६८ माणूस पडतो. म्हणजे आपल्या खणात आपल्याशिवाय कुणीच नसण्याची शक्यता 'ई'चा उणे ०.६८ वा घात, साधारण ०.५. प्रत्येक दुसरा माणूस नाव खोडूनही एकटा सापडतो! अर्थात खरी वस्ती इतकी समान पसरलेली नसते. आणि महाराष्ट्रात एक गंमत आहे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख सर्रास १ जून लिहून टाकली. त्या एका खणात भरपूर गर्दी आहे. के-अ‍ॅनॉनिमिटी नावाची जी संकल्पना स्वीनी यांनी मांडली, म्हणजे प्रत्येक नोंदीसारख्या किमान 'के' नोंदी असाव्यात, ती आमच्या गुरुजींनी न कळत राबवली होती म्हणायचं.

रिपोर्टच्या कागदावर मात्र नावापलीकडे बरेच काही असते. लॅबचे नाव, नमुना घेतल्याची वेळ, डॉक्टरांचे नाव, बारकोड. आणि याहून मोठी अडचण आजाराची आहे. ती मला घरातच दिसली.

माझी एक आत्या आहे. (गाव आणि नाव सांगत नाही, लेखाचा विषय लक्षात घेता ते बरे दिसणार नाही!) गेले वर्षभर तिला थकवा, वजन वाढणे, थंडी सहन न होणे असे चालू होते. तिने फाइल माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "अगं, तुमच्या त्या कॉम्प्युटरला विचार ना, काय म्हणतोय ते. पण ती मागची पिवळी पानं नको देऊस." पिवळी पाने म्हणजे मनोविकारतज्ज्ञांच्या जुन्या चिठ्ठ्या. लग्नाआधीपासून तिला लिथियम चालू आहे आणि त्यावर ती उत्तम आहे. सासरी काकांखेरीज कुणाला माहीत नाही. तिच्या मुलीची स्थळे बघणे सुरू आहे, हे सांगितले म्हणजे 'नको' का ते वेगळे सांगायला नको.

मी पाने बाजूला काढली आणि उरलेली फाइल चाळली. लॅबच्या रिपोर्टात टीएसएच वाढलेला, क्रिएटिनिन, कॅल्शियम, आणि त्याच पानावर खाली एक ओळ : सीरम लिथियम. ही तपासणी सहसा लिथियमच्या गोळ्या घेणाऱ्याचीच करतात. म्हणजे पिवळी पाने लपवून काही उपयोग नव्हता, पांढरे पानच सगळे सांगत होते. बरं, ती ओळही खोडली असती तरी? दर सहा महिन्यांनी टीएसएच, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम, तेही सलग काही वर्षे, हा क्रम पाहून जाणकार डॉक्टर शंका घेतील. भरपूर वैद्यकीय मजकूर वाचलेले मॉडेलही घेऊ शकते. आपण माहिती देतो त्यापेक्षा मॉडेल जास्त काढते. 'हे पान नको' असे म्हणण्यातला जो ताबा आहे, तो इथे निसटतो.

आता दुसरी बाजू बघा. लिथियमची गोष्ट पूर्ण लपवली तर उत्तरच चुकते. लिथियममुळे थायरॉइडचे काम मंदावू शकते, मूत्रपिंडावरही परिणाम होऊ शकतो. हे न सांगता टीएसएच दाखवला तर एआय थायरॉइडची नेहमीची कारणे सांगेल, आणि आत्याच्या बाबतीतले संभाव्य कारण त्यात येणारच नाही. लपवावे तर सल्ला अर्धवट, सांगावे तर कागद परक्याच्या सर्व्हरवर. ही ओढाताण 'सेटिंगमध्ये जाऊन अमुक बटण बंद करा' असे सांगून सुटत नाही.

सर्व्हरवर काय होते ते थोडक्यात. फोटो गेला की मॉडेल तो वाचून उत्तर तयार करते. दुसरे म्हणजे संभाषण नोंदीत साठते. तिसरे, सेवेच्या अटींनुसार आणि आपल्या सेटिंगनुसार ते पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणात जाऊ शकते. प्रशिक्षणात गेलेले बाहेर येते का? येऊ शकते. निकोलस कार्लिनी आणि सहकाऱ्यांनी २०२० साली जीपीटी-२ या मॉडेलमधून प्रशिक्षणातले शेकडो मजकूर जसेच्या तसे काढून दाखवले, त्यांत माणसांची नावे आणि फोन नंबरसुद्धा होते. म्हणून प्रशिक्षणाचे बटण बंद करावेच. पण नोंदीचे काय? 'डिलीट' दाबले की गेले असे आपण धरून चालतो. न्यूयॉर्क टाइम्सने ओपनएआयवर २०२३ मध्ये खटला भरला. त्या खटल्यात मे २०२५ मध्ये न्यायालयाने आदेश दिला की चॅटजीपीटीच्या ज्या नोंदी एरवी पुसल्या गेल्या असत्या त्याही राखून ठेवा. वापरणाऱ्यांनी डिलीट केलेली संभाषणेही त्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये ते बंधन उठले, पण मधल्या चार-साडेचार महिन्यांत लाखो लोकांचे डिलीटचे बटण त्यांच्या ताब्यात नव्हते, आणि खटल्याशी त्यांचा काही संबंधही नव्हता. कंपनीचा हेतू कितीही चांगला असो, कागद तिच्याकडे आहे तोवर तो मागणारा तिसरा कुणी तरी निघू शकतो.

कायद्याचे काय, असे कुणीतरी विचारेलच. आपल्याकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झाले. त्यातला १४ अंकी आभा क्रमांक पुष्कळांनी काढला असेल. त्याची रचना अभ्यासण्यासारखी आहे. नोंदी जिथे तयार झाल्या त्या दवाखान्यातच राहतात, आणि दुसऱ्याला हव्या असतील तर तुमची संमती लागते. त्या संमतीत कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या काळातल्या, कशासाठी आणि कधीपर्यंत हे सगळे लिहिलेले असते. संमती मागेही घेता येते. आत्याचे 'पिवळी पानं नको' हे वाक्य जवळजवळ तसेच्या तसे सॉफ्टवेअरमध्ये उतरवले आहे! पण तोच रिपोर्ट मी पीडीएफ करून चॅटबॉटला दिला की ती संमती त्याच्यामागे जात नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी तिथून अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. या कायद्यात आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा वर्ग नाही. २०११ च्या नियमांत वैद्यकीय नोंदींना संवेदनशील माहिती म्हटले होते, नव्या कायद्यात तसा शब्द नाही. मला हे खटकते. आणखी एक कलम वाचून तर मी थबकलेच : घरगुती कामासाठी एखाद्या व्यक्तीने वापरलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. म्हणजे आत्याची फाइल मी हौसेने कुठेही अपलोड केली असती तर कायद्याने मला काहीच विचारले नसते. तिची पाने आणि जग यांच्यामध्ये फक्त तिची भाची होती.

शेवटी आम्ही मॉडेलच घरी आणले. हे वाटते तितके अवघड नाही. लामा ३.१ सारखे ८०० कोटी पॅरामीटरचे खुले मॉडेल घ्या. प्रत्येक पॅरामीटर १६ बिटचा धरला तर १६ जीबी मेमरी लागते, माझ्या लॅपटॉपची आहे तेवढी सगळी. क्वांटायझेशन करून तो ४ बिटवर आणला तर ४ जीबी, वरचा खर्च धरून साधारण पाच. ओलामा नावाच्या सॉफ्टवेअरवर ते ग्राफिक्स कार्डाशिवायही चालते, हळू चालते एवढेच. मॉडेल डाउनलोड झाल्यावर वाय-फाय बंद केले, आत्याला बंद असल्याचे दाखवले, आणि मगच तिने पिवळी पाने पुढे सरकवली. आकडे मी हाताने टाइप केले, कारण डॉक्टरांचे अक्षर ओळखणारे ओसीआर अजून तरी माझ्या पाहण्यात नाही.

लहान मॉडेलच्या मर्यादा लगेच दिसल्या. मराठी अडखळत होते, म्हणून इंग्रजीत विचारून मी आत्याला सांगत गेले. एकदा त्याने २०२१ चा आकडा ताजा धरला. एकदा लॅबने छापलेली मर्यादा सोडून स्वतःचीच मर्यादा वापरली. प्रत्येक वाक्य कागदाशी ताडून पाहावे लागले. पण लिथियम आणि टीएसएच यांचा संबंध त्याने पहिल्याच उत्तरात मांडला, गोळी स्वतःहून बंद करू नये असेही लिहिले, आणि थायरॉइडच्या डॉक्टरांना लिथियमबद्दल सांगितले आहे का, असा प्रश्न विचारला. आत्या गप्प झाली. तिने त्यांना सांगितले नव्हते. पुढच्या सोमवारी पिवळी पाने घेऊन ती स्वतःच गेली.

काम संपले असे वाटत असतानाच मला आठवले की कमांडलाइनवर ओलामा विचारलेले प्रश्न होम फोल्डरमधल्या एका साध्या फाइलमध्ये ठेवते. आणि माझा लॅपटॉप हॉस्टेलवर रूममेट सिनेमे बघायला घेतात! ती हिस्टरी पुसली, टाइप केलेले आकडे एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरमध्ये टाकले आणि त्याचा पासवर्ड आत्यालाच ठरवायला लावला. मला तो माहीत नाही. पुढचा रिपोर्ट दिवाळीत येईल, तेव्हा फोल्डर उघडायला ती शेजारी बसलेली लागेल.