"ती झोपेची द्या"

सांगलीत आमचं औषधांचं दुकान आहे. संध्याकाळी फिरून परतणारे आजी-आजोबा काउंटरशी येतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "ती झोपेची द्या." त्यांच्याशी बोलताना जे उमजलं ते लिहिते आहे.

१. मी आधी वेळा विचारते. आठला जेवण, नऊला अंथरूण, तीनला जाग, शिवाय दुपारी तासभर डोळा लागलेला. झोप बहुतेक झालेली असते, पहाट तेवढी सरत नाही. अशांना गोळीपेक्षा साडेदहापर्यंत गप्पा मारायला माणूस हवं असतं.

२. "सगळ्या औषधांची पिशवी घेऊन या," असंही सांगते. एका आजोबांची लघवी वाढवणारी बीपीची गोळी रात्री जेवणानंतर चालू होती. रात्रभर उठबस. डॉक्टरांनी ती सकाळी घ्यायला सांगितली आणि झोपेच्या गोळीचा विषयच संपला. प्रोस्टेट, गुडघेदुखी, संध्याकाळचा चहा, हेही बघावं. जो मोठ्याने घोरतो आणि ज्याचा झोपेत श्वास अडकतो, त्याला झोपेची गोळी धोक्याची ठरू शकते. डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

३. उतारवयात औषध अंगात रेंगाळतं. यकृताचं काम मंदावतं, शरीरात चरबीचं प्रमाण वाढतं. डायझेपामसारखं औषध तर कित्येक दिवस राहतं. मनगटाला प्लास्टर घातलेल्या एक आजी आल्या होत्या. रात्री दहाला गोळी घेतली, एकला लघवीला उठल्या, अंधारात पायाने चप्पल चाचपताना तोल गेला. मनगटावर निभावलं. खुब्याचं हाड मोडलं असतं तर अंथरूणच धरलं असतं. सकाळची गुंगी, बोलता बोलता विसरणं, याला घरचे "वय झालं" म्हणतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. वय झालं असेलही, पण गोळी कधीपासून चालू आहे हे कुणी विचारलेलं नसतं. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या बीअर्स यादीत अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम ही औषधं पासष्टीपुढे शक्यतो टाळावीत असंच म्हटलं आहे.

४. म्हणून घाबरून एका रात्रीत बंद करू नका. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम सोडली की झोप आणखी उडते, हात थरथरतात, क्वचित फिटही येते. डॉक्टर काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, थोडी थोडी कमी करून देतात. गोळी मोडण्याआधी मात्र विचारा. काही गोळ्या मोडायच्या नसतात.

५. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठी लागतेच, आणि रुग्णाचं, डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहावं लागतं. रिकामी स्ट्रिप दाखवून भागत नाही.

६. चिठ्ठी नको म्हणून सर्दीची गोळी झोपेसाठी घेणारेही आहेत. तिने म्हाताऱ्या माणसाची लघवी अडते, कधी भ्रमही होतो.

७. जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळीचा नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये 'सीबीटी-आय' हा वर्तनोपचार आधी करावा असं सांगितलं. डोळे जड झाले तरच अंथरुणावर जायचं, झोप लागेना तर उठून बसायचं, सकाळी उठण्याची वेळ मोडायची नाही, रोजची नोंद ठेवायची. सुरुवातीचे दिवस जड जातात, तेव्हा घरच्यांनी धीर द्यावा. हा उपचार देणारे मानसोपचारतज्ज्ञ गावोगावी नाहीत, पण वहीतली नोंद आजपासूनही सुरू करता येते, आणि ती बघून डॉक्टरांना बरंच कळतं.

८. जोडीदार गेल्यावर किंवा ऑपरेशननंतर डॉक्टर थोडे दिवस गोळी देतात. ती जरूर घ्यावी. फक्त थांबायची तारीख त्याच चिठ्ठीवर लिहून मागा.