खडा कोणता, ते आधी कळू द्या

कुत्र्यामांजरांचा मुतखडा एकाच जातीचा नसतो. स्ट्रुव्हाइटचा खडा योग्य आहाराने विरघळू शकतो. कॅल्शियम ऑक्सलेटचा कशानेच विरघळत नाही, तो काढावाच लागतो. युरेट आणि सिस्टिन यांची कारणं आणखी वेगळी. एका खड्यावरचा उपाय दुसऱ्याला वाढवतो, म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या उन्हात प्राणी सांभाळणाऱ्यांनी पुढच्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

काय करावे

• बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो आणि लघवीचा थेंबही येत नाही, असं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. रात्र असली तरी. बोक्याची मूत्रनळी टोकाला फार अरुंद असते. तिथे बारीक खर आणि चिकट स्राव यांचं बूच बसलं, की लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम साठतं आणि हृदय बंद पडू शकतं. एक-दोन दिवसांत जीव जातो. पुष्कळ घरांत याला बद्धकोष्ठ समजलं जातं आणि हाती असलेला वेळ त्यातच संपतो.

• कुत्रा थेंबथेंब मुतत असेल किंवा लघवीत रक्त दिसत असेल तर त्याच दिवशी दाखवा. नरामध्ये खडा बहुधा लिंगातल्या हाडाच्या मागे अडकतो. लघवी पूर्ण थांबली तर तीही बोक्याइतकीच तातडीची वेळ.

• पाणी वाढवा. खडा कुठलाही असो, पातळ लघवी हा सगळ्यांवर लागू पडणारा एकच उपाय आहे. जायकवाडीचं पाणी नळाला रोज येत नाही, म्हणून आपण साठवतो. प्राण्याच्या भांड्यात मात्र तेच शिळं पाणी राहतं. ते रोज बदला, भांडं घासा, घरात दोन-तीन ठिकाणी ठेवा. मांजर मुळात कमी पाणी पिणारा प्राणी, तिला ओलं अन्न द्या. कुत्र्याची पोळी किंवा भात मीठ, कांदा, लसूण न घातलेल्या चिकनच्या पाण्यात कुस्करा. डॉक्टरांकडून लघवीची घनता मोजून घ्या: कुत्र्यात ती १.०२० च्या खाली, मांजरात १.०३० च्या खाली हवी.

• फ्लॅटमधल्या कुत्र्याला लघवीसाठी वरचेवर खाली न्या. मे महिन्यात पहाटे आणि उशिरा संध्याकाळी न्या, पण दुपारची फेरी बुडवू नका. सावलीत पाच मिनिटं पुरतात.

• काढलेला खडा मागून घ्या आणि तपासायला पाठवायला सांगा. तो कोरड्या, स्वच्छ डबीत ठेवायचा, फॉर्मलिनमध्ये नाही, कारण त्याने स्ट्रुव्हाइटची रचनाच बदलते. तपासणी इन्फ्रारेड पद्धतीची असावी. साध्या रासायनिक चाचण्या चुकतात.

• शस्त्रक्रियेनंतर लगेच एक्स-रे काढून घ्या. एखादा खडा मागे राहणं दुर्मीळ नाही. युरेट आणि सिस्टिनचे खडे एक्स-रेवर नीट दिसतीलच असं नाही, तिथे सोनोग्राफी लागते.

• शहरात खडकेश्वरला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे. गुंतागुंत असेल तर परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावं का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा.

काय टाळावे

• पानफुटीची पानं चारू नका. माणसांच्या मुतखड्यावर घरोघरी सांगितला जाणारा हा उपाय कुत्र्यामांजरांना विषारी आहे. या वनस्पतीतले घटक हृदयावर परिणाम करतात.

• कळवळतोय म्हणून आपल्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

• पोट दाबून लघवी काढायला जाऊ नका. तुंबलेलं मूत्राशय फुटतं.

• माणसांसाठीचं लघवी अल्कलाइन करणारं सिरप पाजू नका. ऑक्सलेटमध्ये डॉक्टर कधी कधी तसं औषध देतात, पण स्ट्रुव्हाइट अल्कलाइन लघवीतच वाढतो.

• शेजाऱ्याच्या मांजराला लागू पडलं म्हणून 'युरिनरी' खाद्याची पिशवी आणू नका. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचं खड्यांचं केंद्र १९८१ पासून जगभरचे नमुने तपासत आहे. सुरुवातीला मांजरांत स्ट्रुव्हाइटचंच राज्य होतं. मग कंपन्यांनी लघवी आम्लधर्मी करणारं, कमी मॅग्नेशियमचं खाद्य आणलं. स्ट्रुव्हाइट घटला आणि ऑक्सलेट वाढत गेला. इतक्या मोठ्या पातळीवर जे झालं, ते एका मांजराच्या पोटात सहज होऊ शकतं.

• लघवीचा नमुना रात्रभर फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीने नसलेले स्फटिक तयार होतात. तासाभरात तपासायला द्या. आणि नुसते स्फटिक दिसले म्हणजे खडा झालाच, असंही धरू नका.

• बोअरच्या जड पाण्यावर सगळा दोष टाकू नका. पाणी किती पोटात जातं, याचा परिणाम त्याच्या जडपणापेक्षा मोठा आहे.

• डाल्मेशियनला काळीज, गुर्दे चारू नका. या जातीत जनुकीय दोषामुळे यूरिक ॲसिड पुढे मोडत नाही आणि युरेटचे खडे होतात. शिह त्झू आणि ल्हासा ॲप्सोमध्ये ऑक्सलेटचा धोका जास्त.

• अँटिबायोटिक मध्येच सोडू नका. कुत्र्यांत स्ट्रुव्हाइट बहुतेक वेळा जिवाणूंमुळे होतो आणि ते जिवाणू खड्याच्या आतही असतात. खडा विरघळत जातो तसे ते बाहेर पडतात, म्हणून आहार आणि औषध खडा पूर्ण दिसेनासा होईपर्यंत चालू ठेवावं लागतं. त्याला दोन-तीन महिनेही लागतात.