जुनीं वस्त्रें आणि डोळस दृष्टि

वस्त्र हा मनुष्याचा सर्वांत जवळचा सोबती होय. जन्मतांच तें आपल्या अंगाभोंवतीं येतें व अखेरच्या प्रवासांतहि आपणांस सोडीत नाहीं. असें असून इतिहासाच्या पुस्तकांत लढाया, तह व सनावळ्या यांस जितकी जागा मिळते तिच्या शतांशहि वस्त्रांस मिळत नाहीं. ‘फॅशन’ हा शब्द तर उच्चारतांच कित्येक पालकांच्या कपाळास आंठ्या पडतात. उधळपट्टी, दिखाऊपणा व रिकामपण हीं तिन्ही त्या एका शब्दांत त्यांस दिसतात. ही भीति अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जुने कपडे, थोडासा पैसा व एक साधा कॅमेरा एवढ्याच सामग्रीवर एका मनुष्यानें आपलें आयुष्य कसें रचलें, याची हकीकत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील माणसांपुढें ठेवावी, असें आमच्या मनांत आहे. त्या मनुष्याचें नांव बिल कनिंगहॅम.

इ. स. १९२९ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील बोस्टन शहरीं, मूळच्या आयरिश अशा एका कॅथॉलिक कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. शिष्यवृत्ति मिळवून ते १९४८ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत दाखल झाले; परंतु दोन महिन्यांतच तें सोडून त्यांनीं न्यूयॉर्कची वाट धरली. तेथें एका मोठ्या दुकानाच्या जाहिरात-खात्यांत कांहीं काळ नोकरी केली व मग ‘विल्यम जे.’ या नांवानें स्त्रियांच्या टोप्या करण्याचा धंदा काढला. आडनांव गाळण्याचें कारण हें कीं, मुलानें टोप्या शिवाव्या हें घरच्या माणसांस कमीपणाचें वाटे. पुढें १९६० नंतर मोठ्या टोप्या घालण्याची चालच मागें पडली व हा धंदा बसला.

धंदा बसला, तरी त्यानें कनिंगहॅम यांस एक मोठी देणगी दिली. टोपी बेततांना कापडाची वीण, टांका, घडी व वळण यांकडे बारकाईनें पाहण्याची जी संवय डोळ्यास लागते, ती त्यांस जन्मभर पुरली. ते वृत्तपत्रांतून पोषाखांविषयीं लिहूं लागले. एकदां, प्रदर्शनांत नटून चालणाऱ्या मुलींनीं घातलेले कपडे रस्त्यांतील सामान्य स्त्रिया कशा घालतात, हें त्यांनीं चित्रें शेजारीं शेजारीं ठेवून दाखविलें. ज्या पत्रासाठीं हें काम केलें त्यानें त्यांचा मजकूर फिरवून त्या स्त्रियांची थट्टा केली. कनिंगहॅम यांस हें इतकें लागलें कीं, त्यांनीं त्या पत्राशीं संबंध तोडला. ज्याचें चित्र आपण काढतों त्याचा उपहास आपल्या हातून होऊं नये, हा त्यांच्या कामाचा पहिला नियम होता.

सुमारें १९६७ सालीं डेव्हिड माँटगोमेरी नांवाच्या छायाचित्रकारानें त्यांस एक लहानसा ऑलिंपस पेन कॅमेरा दिला. त्याची किंमत ३५ डॉलरांच्या आसपास होती. हा कॅमेरा फिल्मच्या एका चौकटींत दोन चित्रें बसवितो. त्यामुळें ज्या गुंडाळीवर ३६ चित्रें निघावयाचीं तिजवर ७२ निघतात. काटकसरी माणसास याहून सोईचें हत्यार कोणतें? वहींत टिपणें करावीं तसा याचा उपयोग करीत जा, असा देणाऱ्याचा सल्ला होता व तो कनिंगहॅम यांनीं शब्दशः पाळला. ते स्वतःस मोठे कलावंत म्हणवीत नसत. आपण पाहिलेलें नोंदवून ठेवतों, एवढीच त्यांची भूमिका असे.

आतां जुन्या कपड्यांकडे वळूं. आपल्याकडे बोहारीण दारीं येऊन जुन्या लुगड्याधोतरांवर भांडें देते, हें प्रत्येक मुलानें पाहिलें किंवा आजीच्या तोंडून ऐकलें असेल. पाश्चात्य देशांत हें काम पुष्कळ अंशीं धर्मादाय संस्थांच्या दुकानांनीं केलें आहे. ज्या मुक्तिफौजेचे लोक १८८२ सालीं मुंबईस येऊन पोंहोंचले, तिचीं अशीं दुकानें अमेरिकेंत जागोजाग आहेत. दुसरी मोठी संस्था ‘गुडविल’. कनिंगहॅम यांच्याच बोस्टन शहरांत १९०२ सालीं एडगर हेल्म्स या मेथॉडिस्ट पाळकांनीं तिचा पाया घातला. सुखवस्तु घरांतून टाकाऊ कपडे व सामान गोळा करावें, गरिबांस तें दुरुस्त करण्याचें काम व त्याची मजुरी द्यावी, आणि दुरुस्त झालेला माल स्वस्त विकावा, अशी त्यांची योजना होती. अशा दुकानांत एखादे वेळीं शंभर वर्षांपूर्वींचा रेशमी झगा जुन्यापान्या कोटांच्या ढिगांत पडलेला असतो. पारख असेल त्याच्या हातीं तो लागतो. नसेल त्याच्या दृष्टीस तीं केवळ चिंध्याच.

ही पारख काय असते, हें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्याजोगें आहे. कापड आपलें वय स्वतःच सांगतें. शिलाईचें यंत्र १८५० नंतर हळूहळू पसरलें. तेव्हां सबंध झगा जर हातटांक्यांनीं शिवलेला असेल तर तो त्यापूर्वींचा असण्याचा संभव अधिक. १८५६ सालीं लंडनमध्यें विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यास डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांवर प्रयोग करीत असतां अकस्मात् जांभळा रंग सांपडला. तसल्या कृत्रिम रंगाचें वस्त्र त्या सालाच्या आधींचें असूं शकत नाहीं. स्त्रियांच्या झग्यास झिपर लावण्याची पद्धति १९३० नंतर रूढ झाली, आणि नायलॉन बाजारांत आलें तें १९४० च्या सुमारास. घागऱ्याचा घेरहि असाच साक्ष देतो. १८५० नंतर तो कमानींच्या सांगाड्यावर घुमटासारखा फुगला. १८७० नंतर फुगवटा मागें गेला. १९२० नंतर झगा सरळ व आंखूड झाला. इतकें ज्यास ठाऊक आहे त्यास जुन्या कपड्यांचें दुकान म्हणजे एक ग्रंथालयच होय.

कनिंगहॅम यांनीं या ज्ञानाचें जें चीज केलें तेंच त्यांच्या आयुष्यांतील आमच्या मतें सर्वांत बोधप्रद काम. तें समजण्यास त्या काळचें न्यूयॉर्क डोळ्यांपुढें आणिलें पाहिजे. १९१० सालीं उघडलेलें पेन्सिल्व्हेनिया स्टेशन हें त्या शहराचें भूषण होतें. १९६३ सालीं तें पाडावयास सुरुवात झाली. लोक हळहळले, आणि १९६५ सालीं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं शहरानें कायदा केला. तरीहि १९६८ सालीं ग्रँड सेंट्रल या दुसऱ्या थोर स्टेशनावर एक उत्तुंग मनोरा चढविण्याची योजना पुढें आलीच. त्याच १९६८ सालीं कनिंगहॅम यांनीं आपली सायकल, कॅमेरा व जुन्या कपड्यांचीं गांठोडीं घेऊन एका निराळ्या उद्योगास हात घातला.

या उद्योगांत त्यांच्या सोबतीस एडिटा शर्मन या होत्या. १९१२ सालीं जन्मलेल्या या बाई स्वतः नामांकित छायाचित्रकार होत्या. वडिलांपासून त्या ही विद्या शिकल्या. १९५४ सालीं वैधव्य आल्यावर त्याच विद्येवर त्यांनीं पांच मुलांचा संसार ओढला. कार्नेगी हॉल या प्रसिद्ध संगीतगृहाच्या वर कलावंतांसाठीं बांधलेल्या खोल्यांत त्या राहत. कनिंगहॅम यांचें बिऱ्हाडहि तेथेंच होतें. दोघेहि जुन्या कपड्यांचीं दुकानें, लिलाव व रस्त्यांवरचे बाजार हिंडून निरनिराळ्या काळांचे पोषाख जमा करीत. मग शहरांतील एखादी जुनी इमारत निवडावी, ती कोणत्या काळीं बांधली गेली तें शोधून काढावें, त्याच काळचा पोषाख शर्मनबाईंनीं अंगावर घालावा व त्या इमारतीपुढें उभें राहावें, असा क्रम चाले. १७६६ सालीं बांधलेलें सेंट पॉलचें उपासनामंदिर, सेंट्रल पार्कमधील गॉथिक धाटणीचा पूल, ग्रँड सेंट्रल स्टेशन, आणि १९५९ सालचें गोलाकार गुगेनहाइम संग्रहालय, अशा इमारतींपुढें हीं चित्रें निघालीं. हें काम आठ वर्षें चाललें. या काळांत पांचशेंहून अधिक पोषाख जमले व अठराशें स्थळांची नोंद झाली.

हीं चित्रें पाहतांना एक गोष्ट मनांत भरते. दगड व कापड हीं दोन्ही एकाच पिढीच्या हातचीं असलीं म्हणजे त्यांच्या रेषा एकमेकींस ओळख देतात. कमानीचें वळण टोपींत दिसतें, खांबावरची खोबण झग्याच्या चुणींत उतरते. गवंडी व शिंपी यांची भेट कधीं झाली नसेल, परंतु दोघांनीं एकच काळ पाहिला होता. आणखी एक चित्र फार बोलकें आहे. शर्मनबाई जुन्या काळचा भपकेदार पोषाख करून, वेड्यावांकड्या रंगरेघोट्यांनीं बरबटलेल्या भुयारी आगगाडीच्या डब्यांत शांतपणें बसल्या आहेत. गाडी ब्रुकलिनच्या वनस्पति-उद्यानाकडे चालली आहे. शहर तेव्हां आर्थिक विपत्तींत होतें, आणि आपलें पूर्वीचें वैभव कोणाच्या ध्यानांत आहे काय, असें जणूं तें विचारीत होतें. त्या चित्रांत त्याचें उत्तर आहे. १९७६ सालीं कनिंगहॅम यांनीं या मालिकेंतील ८८ चित्रें न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीस दान दिलीं. १९७८ सालीं ‘फसाड्स’ या नांवानें त्यांचें पुस्तक निघालें आणि त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें ग्रँड सेंट्रलच्या बाजूनें निकाल दिला. पुढें २०१४ सालीं या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरलें. शर्मनबाई १०१ वर्षांच्या होऊन आदल्याच वर्षीं निवर्तल्या होत्या.

१९७८ च्या अखेरीस रस्त्यांतून जाणाऱ्या एका बाईच्या कोटाची खांद्यावरची कापणी कनिंगहॅम यांस सुरेख वाटली, म्हणून त्यांनीं चित्र घेतलें. ती बाई म्हणजे प्रसिद्ध नटी ग्रेटा गार्बो, हें त्यांस मागाहून कळलें. त्यांनीं पाहिला होता कोट, चेहरा नव्हे. हीं चित्रें ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्यें छापलीं गेलीं व त्यांतूनच ‘ऑन द स्ट्रीट’ हें त्यांचें सदर उदयास आलें. २०१६ च्या जूनमध्यें, ८७ व्या वर्षीं, मृत्यु येईपर्यंत ते या कामांत होते.

त्यांची स्वतःची राहणी कशी होती? पॅरिसमधील मजूर घालतात तसलें निळें जाकीट हा त्यांचा नित्याचा वेष. पावसाळी झूल फाटली तर तिला काळी चिकटपट्टी लावीत. खोलींत फिल्मच्या कपाटांची दाटी, आणि त्यांतच एक अरुंद खाट, स्वयंपाकघर नाहीं. मोठमोठ्या मेजवान्यांचीं चित्रें काढावयास जात, परंतु तेथें पाण्याचा पेलाहि घेत नसत. एका मासिकास त्यांनीं पानेंच्या पानें चित्रें दिलीं व मोबदल्याचे चेक फाडून टाकले. जो आपला पैसा घेत नाहीं त्यास हुकूम करतां येत नाहीं, हें त्यामागील तत्त्व होतें. वृत्तपत्राची कायम नोकरीहि त्यांनीं अनेक वर्षें नाकारली. १९९४ सालीं सायकलवर असतांना ट्रकची धडक बसली, तेव्हां औषधोपचाराच्या विम्यासाठीं ती पत्करली. २००८ सालीं फ्रेंच सरकारनें त्यांचा सन्मान केला. त्या समारंभांतहि ते तेंच निळें जाकीट घालून पाहुण्यांचीं चित्रें घेत होते.

येथें पालक विचारतील: आमच्या मुलानें विद्यापीठ सोडून असें रस्त्यांत उभें राहावें काय? असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. या जीवनाची किंमत जबर होती. त्यांनीं लग्न केलें नाहीं, संसार केला नाहीं, अंगास आराम दिला नाहीं. सर्वांस तें साधणारें नाहीं व साधावेंहि असें नाहीं. परंतु पोषाखाची आवड म्हणजे उधळपट्टीच, ही समजूत या चरित्रानें खोटी ठरते. ज्यास वस्त्र खरोखर कळतें, त्यास तें नवें व महाग असण्याची गरज राहत नाहीं. आणि ज्याच्या गरजा थोड्या, त्याची नजर कोणाच्या ताब्यांत जात नाहीं. मुलास रंगाची, कापडाची वा चित्राची आवड असेल, तर ती दाबून टाकण्यापेक्षां तिला अभ्यासाचें वळण लावणें हें आपलें कर्तव्य आहे.

तें कसें लावावें, यासाठीं विद्यार्थ्यांस सुटींत करण्याजोगे तीन अभ्यास सुचवितों.

पहिला: आईच्या परवानगीनें घरांतील पेटींतलें एक जुनें वस्त्र बाहेर काढा. तें कोणाचें, कधींचें, कोठें विणलेलें, हातानें शिवलेलें कीं यंत्रानें, रफू कोठें केलें आहे, हें सारें एका पानांत लिहा. आजी हयात असेल तर तिच्याजवळ बसून लिहा. जें कापड सांगणार नाहीं तें ती सांगेल.

दुसरा: आपल्या गांवांतील सनाचा दगड बसविलेली एक इमारत शोधा. त्या सनांत येथील स्त्रीपुरुष काय नेसत होते, याचा जुन्या छायाचित्रांवरून तपास करा व दोन्ही चित्रें वहींत समोरासमोर चिकटवा.

तिसरा: रस्त्याच्या एकाच कोपऱ्यावर तासभर उभे राहा आणि लोक काय घालतात, कसें घालतात, तें टिपून घ्या. आज पुष्कळ घरीं फोनमध्येंच कॅमेरा आहे. परंतु कोणाचें चित्र घ्यावयाचें झाल्यास आधीं त्याची परवानगी मागा, आणि कॅमेरा नसल्यास पेन्सील पुरे. एक नियम मात्र मोडूं नका: ज्यास पाहिलें त्यास हंसूं नका.

या तिन्ही अभ्यासांस पैसा लागत नाहीं. शाळा उघडल्यावर ज्या वह्या आमच्याकडे येतील त्या आम्ही आनंदानें वाचूं, असें सांगून हा लेख पुरा करितों.