परीक्षकाच्या खुर्चीत बसण्याआधी

अरे, तुला वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलंय, हे वहिनीकडून कळलं. त्यातही १ ऑगस्टची स्पर्धा. १९२० साली याच तारखेला टिळक गेले आणि अण्णा भाऊ साठे जन्मले, म्हणजे विषय दोन आणि भाषणं ढीगभर. शेंगांची टरफलं किमान दहा वेळा ऐकशील, मंडाले दहा वेळा, दीड दिवसाची शाळा दहा वेळा. तेव्हा आत्याच्या चार गोष्टी ऐकून जा.

पहिली गोष्ट, फोन करून गुणपत्रक आधी मागवून घे. कुठे विषयप्रतिपादनाला दहा आणि हावभावाला पण दहा असतात. असं असलं की हात जास्त हलवणारं पोर जिंकतं, मग तुझं मत काहीही असो. आशयाला निम्म्याच्या आसपास गुण हवेत, हे स्पर्धेच्या आधी सांगायचं. निकाल लागल्यावर सांगितलंस तर ती कुरकुर ठरते. गट कोणते, वेळ किती, पहिली घंटा कितव्या मिनिटाला, वेळ ओलांडली तर किती गुण कापायचे, बरोबरी झाली तर काय करायचं, हेही त्याच फोनवर विचारून घे. घड्याळ दुसऱ्या कुणाकडे द्यायला सांग. परीक्षकानं मनगटाकडे पाहिलं की बोलणारं पोर गडबडतं. आणि स्पर्धकाला नंबरानं पुकारायचं, शाळेच्या नावानं नाही. मोठ्या शाळेचं नाव कानावर पडलं की आपल्याही नकळत पेन दोन गुण वर सरकतं.

पहिला स्पर्धक नेहमी मार खातो. पुढे याहून चांगलं येईल म्हणून आपण हात राखून ठेवतो, आणि विसाव्या नंबरापर्यंत हात सैल झालेला असतो. म्हणून पहिल्या तिघांचे गुण पेन्सिलीनं लिही. चौथं भाषण झालं की मागे जाऊन बघ आणि हवे तर बदल. प्रत्येक नंबरापुढे दोन शब्द टिपून ठेव: ‘निळी रिबन, मंडाले नकाशात दाखवलं’, असं काहीतरी. नाहीतर शेवटी नुसते आकडे हातात राहतात आणि चेहरे सगळे एक होतात.

आता खरं अवघड काम. पाठ केलेलं भाषण आणि बोललेलं भाषण यातला फरक ओळखायचा. लहान गटात पाठांतराला नावं ठेवू नकोस. तिसरीतल्या पोरानं न अडखळता तीन मिनिटं उभं राहणं हीच कमाई आहे. आठवी-नववीत मात्र कान टवकारून ऐक. पाठ केलेल्या भाषणात हात शब्दाच्या आधी उठतो, कारण ‘इथे हात वर’ असं सरांनी शिकवलेलं असतं. श्वास वाक्याच्या मध्येच तुटतो. नजर मागच्या भिंतीवरच्या घड्याळावर खिळलेली असते. आणि एकच ओळ तीन शाळांतून ऐकू आली तर तो मजकूर मोबाइलवरून उतरवलेला आहे असं खुशाल समज. त्याबद्दल पोराला शिक्षा करू नकोस, फक्त आशयाचे गुण देताना हात आखड.

तुझा विश्वास बसणार नाही, पण स्वतःचा विचार एका वाक्यात कळतो. अशाच एका १ ऑगस्टला मोठ्या गटात एक मुलगी उभी राहिली. आवाज बारीक, हात दोन्ही बाजूंना चिकटलेले. अण्णा भाऊ वाटेगावहून मुंबईला पायी गेले, हे तिच्या आधीच्या सगळ्यांनी टाळ्या घेत सांगून झालं होतं. ती म्हणाली, ‘वाटेगाव सांगली जिल्ह्यात आहे. अण्णा भाऊंना पोटासाठी सांगली सोडावी लागली. माझे आईबाबा दसरा झाला की पोटासाठी कोयता घेऊन त्याच सांगलीला जातात.’ मग थांबली. पुढचं तिला आठवत नव्हतं की मुद्दाम थांबली, देव जाणे. त्या थांबण्यावर एकही टाळी पडली नाही. माझ्या शेजारच्या परीक्षकांनी तिला हावभावात दोन दिले आणि त्या रकान्यापुरतं ते चूकही नव्हते. पण आशयाच्या रकान्यात त्यांनी सगळ्यांनाच चौदा-पंधरा वाटले होते, वीसपैकी. तिलाही पंधरा. घोटाळा तिथे होतो. सगळ्यांना आशयाला सारखेच गुण दिलेस की निकाल आवाजावर आणि हातवाऱ्यांवर लागतो. वीसचा रकाना असेल तर आठही दे आणि अठराही दे.

दुसऱ्या परीक्षकाचा विषय निघालाच आहे तर हा हिशेब नीट समजून घे, कारण शाळांमध्ये तो फारसा कुणी करत नाही. समजा तुझे गुण पन्नासपैकी पंचवीस ते पंचेचाळीस असे पसरलेत आणि त्यांचे अडतीस ते बेचाळीसमध्ये अडकलेत. दोघांची बेरीज केली की निकाल जवळजवळ तुझाच लागतो, त्यांचं मत त्यात विरून जातं. उलटं असलं तर तुझं विरतं. त्यापेक्षा दोघांनी आपापल्या गुणांवरून पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम लावायचे आणि क्रमांची बेरीज करायची. ज्याची बेरीज सर्वांत कमी तो पहिला. एकमेकांच्या कागदात डोकावायचं ते हे सगळं झाल्यावरच. फारच तफावत दिसली तर बोला, पण ‘चला, मधलं काहीतरी धरू’ म्हणून उठू नका.

आवाजाबद्दल. आपल्याकडे पोरांना ओरडायला शिकवतात. शाळेचा माइक कधी चालायचा, कधी नाही, त्या काळची ती सवय असावी. ‘सन्माननीय व्यासपीठ’पासूनच जो वरच्या पट्टीत सुरू करतो त्याला पुढे चढायला जागाच उरत नाही. आवाज कुठे खाली आला, का आला, हे ऐक. उच्चारांच्या बाबतीत मात्र जपून. खानदेशातलं पोर, मालवणी पोर, वऱ्हाडातलं पोर आपल्या घरचा हेल घेऊन येणार. शब्द मागच्या बाकापर्यंत स्वच्छ पोचला का, एवढंच बघ. ‘न’ आणि ‘ण’ची मोजदाद करत बसलास तर निम्मं भाषण हातचं जाईल. वेशभूषेला तर गुणच नाहीत. डोक्यावर टिळकांची पगडी घालून आलेला मुलगा गोड दिसतो, त्याच्याकडे बघून हस आणि कान उघडे ठेव.

पोर विसरलं तर? पेन खाली ठेव, त्याच्याकडे बघ, मान किंचित हलव. बाजूच्या बाई पडद्याआडून शब्द पुरवायला लागतील, त्यांना हातानंच थांबव. दहा-पंधरा सेकंद फार लांब वाटतात, वाटू देत. जो स्वतःच्या शब्दांत धागा पुन्हा पकडतो त्याला मी, अजिबात न अडखळलेल्यापेक्षा जास्त गुण द्यायची. आणि जो रडत खाली उतरतो त्याला सगळ्यांच्या शेवटी पुन्हा एकदा बोलू द्या, असं आयोजकांना सुचव. नियमात नसलं तरी फार कुणी नाही म्हणत नाही.

कॉलेजात बोलावलं तर प्रकार वेगळा. तिथे पडद्यावर स्लाइड असते आणि मुलं श्रोत्यांकडे पाठ करून ती वाचून दाखवतात. स्लाइड सुबक आहे म्हणून भुलू नकोस, ती मित्रानं करून दिलेली असू शकते. एक प्रश्न विचार, साधा: ‘हा आकडा कुठून आला?’ किंवा ‘यातलं तुला स्वतःला न पटलेलं काय?’ उत्तरात ‘मला माहीत नाही, बघून सांगतो’ असं आलं तर ते चांगलं उत्तर धर. गोल गोल बोलणं आलं तर काय ते तुला कळेलच. शाळेच्या मोठ्या गटातही परवानगी असेल तर असा एक प्रश्न ठेवायला सांग. मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं हे सगळेच सांगतात. मंडाले आज कुठल्या देशात येतं, एवढं विचार. म्यानमार म्हणणारी पोरं बोटावर मोजण्याइतकी निघतील.

चहाच्या वेळी कुणीतरी येऊन कानाशी लागेल, ‘सात नंबर आपल्या अध्यक्षांचा नातू बरं का.’ ‘हो का, वा!’ म्हणायचं आणि बिस्किट घ्यायचं. त्याच्या आत, पहिल्या तिघांचे चौथ्या भाषणानंतर आणि बाकीच्यांचे भाषण संपल्याबरोबर, आकडे शाईनं लिहून सही झालेली असली की वाद घालायची पाळीच येत नाही.

मग ‘परीक्षकांचं मनोगत’. इथे भलेभले घसरतात. पोरं सकाळपासून बसलेली, बाहेर खिचडीचा वास सुटलेला, आणि परीक्षक अर्धा तास स्वतःच वक्तृत्व करतात. पाच मिनिटं, बस्स. कुणाचं काय आवडलं ते नेमकं सांग, नंबर घेऊन, आणि त्यात क्रमांक न आलेली दोन पोरंही असू देत. चुका सांगताना नंबर घ्यायचा नाही.

निकालानंतर एखादे वडील गाठतीलच: ‘आमच्या मुलाचं काय कमी पडलं?’ तुझ्या टिपणाच्या कागदाची घडी तेव्हा खिशात हवी. वडिलांशी नाही, पोराशी बोल. त्याच्या नंबरापुढचे दोन शब्द वाचून दाखव, म्हणजे आपलं भाषण खरंच ऐकलं गेलं हे त्याला कळेल. मग सुधारायची एकच गोष्ट सांग, उद्यापासून करता येईल अशी: भाषण पाठ करण्याआधी घरात कुणालातरी आपल्या शब्दांत सांगून बघ. वडील तेवढ्यात गुण किती पडले विचारतील. ते गुणपत्रक शाळेकडे दिलंय म्हणून सांग आणि मुलाला विचार, घरी कुणाला सांगशील?